थरांच्या सीमा : एका छोट्या नेटवर्क स्टॅकच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

लिनक्सच्या कर्नलमधील (कार्यप्रणालीच्या गाभ्यातील) नेटवर्क स्टॅक, म्हणजे यंत्रांमधील संवादाचे काम एकावर एक थरांनी करणारी व्यवस्था, बाजूला ठेवून एका साध्या प्रोग्रॅममध्ये स्वतंत्र स्टॅक उभा करण्याचे काम आज सुरू झाले. इथरनेटची फ्रेम (तारेवरून येणारा बाइट्सचा एक गठ्ठा) वाचण्यापासून टीसीपी या खात्रीशीर पोहोच देणाऱ्या प्रोटोकॉलची (संवादाच्या नियमांची) जोडणी पूर्ण करण्यापर्यंतचे प्रत्येक काम वेगळ्या मॉड्यूलमध्ये राहील. वेग हे या प्रकल्पाचे उद्दिष्ट नाही आणि सर्व सुविधा पुरवणे हेही नाही. एकावर एक रचलेल्या चौकोनांनी पाठ्यपुस्तकात दाखवली जाणारी थरांची मांडणी प्रत्यक्ष कोडमध्ये कुठवर टिकते आणि कुठे वाकते, एवढेच तपासायचे आहे.

त्यासाठी एक नियम आखला आहे. कोणत्याही थराला खालच्या थराकडून बाइट्सची एक मालिका आणि आधी ठरवलेली मोजकी सोबतची माहिती मिळेल, त्यापलीकडे काही मागता येणार नाही. आणि खालच्या थराला वरून आलेले बाइट्स उघडून पाहण्याची मुभा नसेल. जिथे हा नियम मोडल्याशिवाय प्रमाणित प्रोटोकॉल चालूच शकत नाही, तिथे तो मोडला जाईल, मात्र ‘सीमाभंग’ या नावाच्या फाइलमध्ये कारणासह त्याची नोंद होईल. एखादा थर काय करतो हे सांगणे सोपे असते. कोणत्या गोष्टी न जाणताही तो आपले काम पुरे करू शकतो हे ठरवणे अवघड असते, आणि मॉडेलची सगळी लवचिकता त्या ठरवण्यावर अवलंबून असते, असे माझे मत आहे. खाली तांब्याची तार आहे की वायफाय, हे टीसीपीला ठाऊक नसते, म्हणूनच सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९३ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झालेला हा प्रोटोकॉल त्या वेळी अस्तित्वातही नसलेल्या माध्यमांवर आज चालतो.

६ ऑगस्ट

मॉड्यूल किती ठेवायचे, हा पहिला प्रश्न. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७७ मध्ये हाती घेतलेले ओएसआय मॉडेलचे काम १९८४ मध्ये आयएसओ ७४९८ या मानकाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्यात भौतिक, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन आणि ॲप्लिकेशन असे सात थर आहेत. इंटरनेटच्या बाजूने ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये लिंक, इंटरनेट, ट्रान्सपोर्ट आणि ॲप्लिकेशन असे चारच थर धरलेले आहेत. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटने १ जानेवारी १९८३ रोजीच टीसीपी/आयपी स्वीकारले होते, म्हणजे सात थरांचे मानक छापून आले तेव्हा चार थरांची व्यवस्था वर्षाहून अधिक काळ चालू होती. परिणाम थोडा विचित्र झाला आहे : प्रोटोकॉल एका घराण्याचे वापरायचे आणि क्रमांक दुसऱ्या घराण्याचे सांगायचे. ‘लेअर टू स्विच’ किंवा ‘लेअर सेव्हन लोड बॅलन्सर’ म्हणताना क्रमांक ओएसआयचाच असतो.

थरांच्या संख्येपेक्षा मला दुसरी एक घटना अधिक शिकवणारी वाटते. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी मे १९७४ च्या लेखात मांडलेल्या आराखड्यात आज टीसीपी आणि आयपी यांच्यात विभागलेली कामे एकाच प्रोग्रॅमकडे होती. पॅकेट (पत्ता घातलेला माहितीचा तुकडा) योग्य पत्त्याकडे नेणेही त्याच्याकडे आणि हरवलेले पॅकेट पुन्हा मागवणेही त्याच्याकडे. पुढे आवाजासारखी माहिती पाठवण्याचे प्रयोग सुरू झाल्यावर असे दिसले की अशा वापराला हरवलेले पॅकेट उशिरा मिळण्यापेक्षा न मिळालेले चालते, आणि एकसंध टीसीपी मात्र ते मिळाल्याशिवाय पुढचे काही देत नाही. १९७८ मध्ये दोन्ही कामे वेगळी करण्यात आली : पत्ता आणि मार्ग यांपुरता आयपी, आणि खात्रीशीर पोहोच ज्याला हवी त्याच्यासाठी वरचा टीसीपी. ज्याला ती खात्री नको त्याच्यासाठी ऑगस्ट १९८० मध्ये आरएफसी ७६८ आला, तो यूडीपी. कोणावर कोणत्या कामाचे ओझे नको हे कळले, तेव्हा सीमारेषा आखली गेली.

निर्णय : चार थर. भौतिक थर प्रकल्पाबाहेर.

११ ऑगस्ट

तळाचे मॉड्यूल तयार आहे. लिनक्समधील टॅप हे आभासी नेटवर्क कार्ड प्रोग्रॅमला एखाद्या उघडलेल्या फाइलसारखे मिळते. वाचले की एक संपूर्ण इथरनेट फ्रेम हाती येते आणि लिहिले की कर्नलला ती कार्डावरून आल्यासारखी वाटते. फ्रेमचे हेडर, म्हणजे सुरुवातीला जोडलेली पत्त्यांसारखी माहिती, १४ बाइट्सचे आहे : सहा बाइट्स गंतव्य पत्ता, सहा बाइट्स उगम पत्ता आणि शेवटचे दोन बाइट्स आतील माहिती कोणत्या प्रोटोकॉलची आहे हे सांगणारे. सोळाच्या पायात ०८०० असेल तर आयपीची चौथी आवृत्ती आणि ०८०६ असेल तर पत्ते शोधणारा एआरपी. हे मॉड्यूल तो क्रमांक पाहून उरलेले बाइट्स योग्य दारात ठेवते आणि आत डोकावत नाही. वरच्या थरांतही हीच युक्ती पुन्हा पुन्हा दिसणार आहे. आयपी हेडरमधील एका बाइटमध्ये १ म्हणजे आयसीएमपी (चाचणीचे आणि अडचणी कळवणारे संदेश), ६ म्हणजे टीसीपी आणि १७ म्हणजे यूडीपी. त्याच्या वर १६ बिटांचा पोर्ट क्रमांक, म्हणजे डेटा यंत्रावरील कोणत्या प्रोग्रॅमसाठी आहे ते सांगणारा. प्रत्येक सीमेवर एक छोटा आकडा ठेवला, की खालच्या थराला वरच्याचे नाव तेवढे कळते, त्याचा आशय कळत नाही.

येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. खऱ्या तारेवर फ्रेमच्या आधी आठ बाइट्सची प्रस्तावना, शेवटी चार बाइट्सचा सीआरसी (बिघाड ओळखण्यासाठीचा आकडा) आणि दोन फ्रेममध्ये किमान १२ बाइट्सइतके अंतर असते. शिवाय फ्रेम किमान ६४ बाइट्सची व्हावी म्हणून लहान फ्रेममध्ये शून्ये भरली जातात. टॅपमध्ये यांपैकी काहीही दिसत नाही. एआरपीची विनंती तेथे नेमकी ४२ बाइट्सची येते, तर तारेवरून आलेली तीच विनंती कार्डाने सीआरसी काढून घेतल्यावर ६० बाइट्सची असते. आयपी मॉड्यूल खऱ्या कार्डावरही चालायला हवे, म्हणून चाचणीसाठी टॅपवरील लहान फ्रेमनाही मुद्दाम शून्ये जोडण्याची सोय केली आहे.

१४ ऑगस्ट

एआरपी चालू लागले. नोव्हेंबर १९८२ च्या आरएफसी ८२६ मधील हा प्रोटोकॉल आयपी पत्त्यावरून इथरनेट पत्ता शोधतो. २८ बाइट्सचा संदेश, एक प्रश्न, एक उत्तर. कोड पन्नास ओळींच्या आसपास. तरीही त्याला कोणत्या थरात ठेवायचे, यावर कोडपेक्षा जास्त वेळ गेला. फ्रेमच्या आत तो आयपीचा शेजारी आहे, आयपीच्या आत तो नाही. म्हणून तो लिंक थराचा म्हणावा, तर त्याच्या पोटात आयपी पत्ते आहेत. नेटवर्क थराचा म्हणावा, तर तो एका लिंकच्या बाहेर जाऊच शकत नाही, कारण राउटर, म्हणजे दोन नेटवर्क जोडणारे यंत्र, त्याला पुढे पाठवत नाही.

मॉडेलच्या चौकोनात तो बसत नाही याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, असे माझे मत झाले. दोन थरांनी एकमेकांचे पत्ते जाणायचे नाहीत असे ठरवले, की दोन्ही पत्ते जाणणारा कोणीतरी तिसरा लागतोच, आणि तो सीमेवरच उभा राहणार. प्रकल्पात एआरपीला स्वतंत्र मॉड्यूल दिले आहे. आयपी मॉड्यूल त्याच्याकडून फक्त ‘या पत्त्यासाठी फ्रेम कोणाच्या नावे काढू?’ एवढेच विचारते. सीमाभंगाच्या फाइलमध्ये पहिली नोंद झाली.

१९ ऑगस्ट

पिंगला, म्हणजे दुसरे यंत्र पोहोचण्याजोगे आहे का हे विचारणाऱ्या संदेशाला, उत्तर जाते. आयसीएमपीची आठव्या प्रकारची विनंती आली की प्रकार शून्य करायचा, पत्त्यांची अदलाबदल करायची, चेकसम (बाइट्सच्या बेरजेवरून काढलेला तपासणीचा आकडा) नव्याने काढायचा आणि परत पाठवायचे. आयसीएमपी आयपीच्या पोटातून जात असला तरी आरएफसी ७९२ त्याला आयपीचाच अविभाज्य भाग मानतो, म्हणून त्याला वेगळा थर दिलेला नाही.

२२ ऑगस्ट

आयपी मॉड्यूलवर आज मुद्दाम बिघाड घालून चाचण्या घेतल्या. हेडरमधील एक बिट उलटवला की हेडरचा चेकसम जुळत नाही आणि पॅकेट तिथेच टाकून दिले जाते. पोटातील डेटाचा बिट उलटवला तर आयपीला पत्ताही लागत नाही, कारण त्याचा चेकसम फक्त हेडरपुरता आहे. हे ठरवूनच तसे केलेले आहे. वाटेतील प्रत्येक राउटर पॅकेटच्या आयुर्मर्यादेचा (उरलेल्या टप्प्यांचा) आकडा एकने कमी करतो, त्यामुळे चेकसमही प्रत्येक टप्प्यावर बदलावा लागतो, आणि तो साऱ्या डेटाचा असता तर ते काम कितीतरी महाग झाले असते. उगम आणि गंतव्य हे आयपी पत्ते मात्र साध्या राउटरमधून जाताना तसेच राहतात, तर त्याच टप्प्यावर फ्रेमचे दोन्ही पत्ते नवे लागतात. खालचा थर प्रत्येक टप्प्यावर संपतो आणि नव्याने सुरू होतो; नेटवर्क थर सर्व टप्प्यांना जोडणारा असतो; त्याच्या वरचे सगळे फक्त दोन टोकांवर राहते.

इथरनेटला ३२ बिटांचा सीआरसी असताना टीसीपीने पुन्हा स्वतःचा १६ बिटांचा, तुलनेने दुबळा चेकसम का ठेवावा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. दोन १६ बिटी शब्दांची अदलाबदल झाली तरी हा चेकसम बदलत नाही, इतका तो साधा आहे. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, वेगवेगळ्या ठिकाणी टिपलेल्या वाहतुकीत १,१०० पैकी एक ते ३२,००० पैकी एक इतक्या पॅकेटमध्ये टीसीपीचा चेकसम चुकलेला आढळला, आणि तोही सीआरसी तपासून पुढे आलेल्या पॅकेटमध्ये. याचे कारण असे की सीआरसी तारेवरील प्रवासाची हमी देतो. राउटरच्या स्मृतीत, कार्ड आणि प्रोसेसर यांच्या दरम्यान किंवा सदोष प्रोग्रॅममुळे बाइट्स बिघडले, तर पुढच्या तारेसाठी नवा सीआरसी त्या बिघडलेल्या बाइट्सवरच काढला जातो आणि तो अचूक ठरतो. सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी मांडलेला टोकापासून टोकापर्यंतचा युक्तिवाद नेमका हाच आहे : ज्या गोष्टीची पुरी खात्री फक्त दोन टोकांनाच करता येते, ती मधल्या थरांनी कितीही केली तरी टोकांचे काम वाचत नाही, मधल्या थरांनी केलेला प्रयत्न फार तर वेग वाढवतो.

२७ ऑगस्ट

यूडीपी पूर्ण. आठ बाइट्सचे हेडर : दोन पोर्ट, लांबी आणि चेकसम. इतक्या छोट्या प्रोटोकॉलनेच प्रकल्पाचा नियम सर्वांत स्पष्टपणे मोडायला लावला. यूडीपीचा चेकसम काढताना हेडर आणि डेटा यांच्या आधी १२ बाइट्सचे एक काल्पनिक हेडर धरावे लागते, ज्यात उगम व गंतव्य आयपी पत्ते, एक शून्य बाइट, प्रोटोकॉल क्रमांक आणि लांबी असते. ते तारेवरून जात नाही. दोन्ही टोके ते आपापल्या परीने रचतात. टीसीपीतही हेच आहे. पॅकेट चुकीच्या यंत्राकडे पोहोचले तर वरच्या थराला ते कळावे, हा त्यामागचा हेतू.

हेतू पटतो, पण किंमतही दिसते. चाचणीत वाटेवरच्या मॉड्यूलकडून उगम पत्ता बदलून घेतला आणि आयपी हेडरचा चेकसम नव्याने बरोबर काढला. आयपी मॉड्यूलने पॅकेट बिनतक्रार स्वीकारले आणि यूडीपीने ते नाकारले. म्हणजे ट्रान्सपोर्ट थर आयपी पत्त्यांशी बांधला गेला आहे. पत्त्यांची लांबी बदलली किंवा वाटेत कोणी पत्ता बदलला, तर त्याचा परिणाम वरपर्यंत जातो. ‘सोबतची माहिती’ म्हणून दोन्ही पत्ते वर द्यावे लागले, आणि फाइलमध्ये या नोंदीपुढे ‘अपरिहार्य’ असे लिहिले.

३ सप्टेंबर

टीसीपीने अपेक्षेप्रमाणे सर्वाधिक वेळ घेतला. अकरा अवस्थांचे यंत्र, ३२ बिटांचे अनुक्रमांक, पोचपावत्या, पुनर्प्रेषण यांबद्दल येथे विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. कोडमधील टिपा पुरेशा आहेत. थरांच्या दृष्टीने जे दिसले तेवढे लिहितो.

टीसीपीच्या हेडरमध्ये डेटाच्या लांबीचा रकाना नाही. आयपीच्या एकूण लांबीतून दोन्ही हेडरची लांबी वजा करूनच डेटा किती ते काढावे लागते. म्हणून ११ ऑगस्टची शून्ये जोडण्याची सोय आता कामी आली : फ्रेमच्या लांबीवर विसंबणारा स्टॅक त्या शून्यांना डेटा समजेल, आणि आयपीची लांबी पाहणारा समजणार नाही. डेटा नसलेली ४० बाइट्सची पोचपावती ६० बाइट्सच्या फ्रेममध्ये पाठवून पाहिली. मागची सहा शून्ये आयपी मॉड्यूलने कापली आणि टीसीपीपर्यंत काहीही जास्तीचे पोहोचले नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तळाच्या मॉड्यूलला प्रत्येक दहावी फ्रेम फेकून देण्यास सांगितले आणि कर्नलच्या बाजूने एक मोठी फाइल पाठवली. वरच्या टोकाला फाइल बाइटसाठी बाइट तशीच मिळाली, कारण ॲप्लिकेशनला गळती दिसूच नये, हेच टीसीपीचे काम. पण वेग गळतीच्या मानाने फारच जास्त कोसळला, आणि कर्नलची कंजेशन विंडो (पोचपावतीची वाट न पाहता किती डेटा पाठवायचा याची मर्यादा) पाहिली तर ती उघडते न उघडते तोच पुन्हा आक्रसत होती. टीसीपीला हरवलेल्या पॅकेटचे कारण कळत नाही. वाटेत गर्दी झाली असावी असे मानून तो वेग उतरवतो. ही सवय त्याला उगाच लागलेली नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांच्यातील जेमतेम चारशे यार्डांच्या अंतरावर वाहतूक सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आली होती, कारण प्रत्येक यंत्र हरवलेले पॅकेट पुन्हापुन्हा पाठवून गर्दीत भरच घालत होते. व्हॅन जेकबसन यांच्या १९८८ च्या लेखातील उपायांनंतर टीसीपी गर्दीत आवरते घेऊ लागला.

पण वायफायवर पॅकेट हरवण्याचे कारण बहुतेकदा गर्दी नसून लहरींमधील अडथळा असते, आणि टीसीपीला तो फरक सांगण्यासाठी सीमेवर कोणताही रकाना नाही. म्हणून वायफायचा लिंक थर स्वतःच पोचपावती मागतो आणि न मिळाल्यास काही वेळा फ्रेम पुन्हा पाठवतो. एकच काम दोन थरांत झाले, असा आक्षेप यावर घेता येईल. मला तो पटत नाही. तळाचे पुनर्प्रेषण वेगासाठी आहे आणि वरचे खात्रीसाठी. तळाच्याने हात टेकले तरी वरचा आहेच. उलट सप्टेंबर २००१ च्या आरएफसी ३१६८ ने सीमेवर खरोखरच एक रकाना तयार केला : राउटरने पॅकेट टाकून देण्याऐवजी आयपी हेडरमधील दोन बिटांवर गर्दीची खूण करायची आणि घेणाऱ्या टोकाच्या टीसीपीने ती खूण पाठवणाऱ्याला कळवायची. असा सीमाभंग खुलेपणाने, दोन्ही थरांच्या संमतीने होतो, म्हणून तो त्रास देत नाही.

५ सप्टेंबर

थरांचा खर्च मोजला. पूर्ण भरलेल्या फ्रेममध्ये १,५०० बाइट्सपैकी २० आयपीचे व २० टीसीपीचे, उरले १,४६०. तारेवर मात्र प्रस्तावना, सीआरसी आणि अंतर धरून १,५३८ बाइट्सची जागा जाते. म्हणजे सुमारे ९४.९ टक्के उपयोगी. एकच बाइट पाठवला तर तारेवरील ८४ बाइट्सपैकी एक उपयोगी. जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ च्या आरएफसी ८९६ मध्ये ४१ बाइट्सच्या अशाच पॅकेटची तक्रार केली होती आणि लहान तुकडे थोडे थांबवून एकत्र पाठवण्याचा उपाय सुचवला होता. थर ॲप्लिकेशनपासून लपलेले असले तरी त्यांची किंमत लपत नाही.

१० सप्टेंबर

आज दोन स्टॅकच्या मध्ये एक राउटर ठेवला आणि त्याच्या पलीकडच्या लिंकची कमाल मर्यादा १,४०० बाइट्स केली. टीसीपीने जोडणीच्या सुरुवातीला आपापल्या लिंककडे पाहून १,४६० चा तुकडा ठरवला होता. म्हणजे ट्रान्सपोर्ट थराने लिंक थराची मर्यादा आधीच विचारून घेतलेली आहे, हाही एक सीमाभंगच. तरी मधल्या लिंकची मर्यादा दोन्ही टोकांपैकी कोणालाच ठाऊक नाही. नोव्हेंबर १९९० च्या आरएफसी ११९१ प्रमाणे पॅकेटवर ‘तुकडे करू नयेत’ अशी खूण असते. मोठे पॅकेट राउटर टाकून देतो आणि आयसीएमपीचा तिसऱ्या प्रकारातील चौथा संदेश मर्यादेच्या आकड्यासह उलट पाठवतो. तो येताच पाठवणाऱ्याने तुकडा १,३६० वर आणला आणि वाहतूक सुरळीत झाली.

हा संदेश नेमक्या कोणत्या जोडणीसाठी आहे हे कसे कळते, ते पाहण्यासारखे आहे. राउटर टाकलेल्या पॅकेटचे आयपी हेडर आणि त्यापुढचे किमान आठ बाइट्स संदेशात जोडून देतो. त्या आठ बाइट्समध्ये यूडीपीचे संपूर्ण हेडर मावते, आणि टीसीपीचे दोन्ही पोर्ट व अनुक्रमांक. वरच्या थराच्या आशयाशी आयपीला देणेघेणे नाही हे खरे, पण वरच्या थराने ओळख पटवणारे आकडे पहिल्या आठ बाइट्समध्येच ठेवले असतील, असा विश्वास मात्र तो ठेवतो.

नंतर राउटरवर आयसीएमपी पूर्ण बंद केले. पिंग अर्थातच बंद झाला, पण टीसीपीची जोडणी व्यवस्थित झाली, कारण तिची पॅकेट लहान असतात. पहिला मोठा तुकडा निघाला आणि सगळे थिजले. जोडणी होते पण पान उघडत नाही, लहान संदेश जातात पण जोडलेली फाइल जात नाही, अशा तक्रारींमागे हे कारण अनेकदा निघते, आणि ‘आयसीएमपी धोकादायक, म्हणून सरसकट बंद’ असे धोरण आखणाऱ्यांनी ही चाचणी एकदा तरी करून पाहावी. व्यवहारातील उपाय म्हणून अनेक राउटर जोडणीच्या पहिल्या पॅकेटमधील टीसीपीचा कमाल तुकड्याचा आकडाच खाली आणतात, म्हणजे तिसऱ्या थराचे यंत्र चौथ्या थराच्या हेडरमध्ये लिहिते. मार्च २००७ च्या आरएफसी ४८२१ चा मार्ग मला अधिक पसंत आहे : त्यात ट्रान्सपोर्ट थर वाटेतल्या कोणाच्याही संदेशावर न विसंबता, वेगवेगळ्या आकाराचे तुकडे पाठवून मर्यादा स्वतःच शोधतो.

१६ सप्टेंबर

पत्ते बदलणारा राउटर, म्हणजे नॅट, लिहून पाहिला. आयपी पत्ता बदलला की २७ ऑगस्टच्या काल्पनिक हेडरमुळे टीसीपीचा चेकसमही बदलावा लागतो. अनेक यंत्रांना एकाच पत्त्यामागे बसवायचे तर पोर्टही बदलावे लागतात आणि प्रत्येक जोडणीची नोंद ठेवावी लागते. आयपीच्या मूळ कल्पनेत वाटेतील राउटरला जोडणी नावाची गोष्ट माहीतच नव्हती.

फाइल पाठवण्याच्या एफटीपी या प्रोटोकॉलच्या बाबतीत प्रकरण फारच पुढे जाते. त्याच्या पोर्ट आज्ञेत आयपी पत्ता आणि पोर्ट साध्या अक्षरांत लिहिलेले असतात. ‘१०,०,०,५,१९५,८०’ याचा अर्थ पत्ता १०.०.०.५ आणि पोर्ट १९५ गुणिले २५६ अधिक ८०, म्हणजे ५०,०००. नॅटला ही अक्षरेही बदलावी लागतात. नव्या पत्त्यात अक्षरे जास्त असली की डेटाची लांबी वाढते, म्हणून आयपीची लांबी बदलते, आणि त्यापुढे त्या जोडणीतील प्रत्येक अनुक्रमांक व प्रत्येक पोचपावती तेवढ्या फरकाने सरकवत राहावी लागते. ॲप्लिकेशनने खालच्या थराचा पत्ता आपल्या संदेशात लिहिला, एवढ्यासाठी वाटेतल्या एका पेटीला चारही थर उघडावे लागले. हे कोड चालते. मात्र प्रकल्पात ते ठेवलेले नाही.

२२ सप्टेंबर

सेशन आणि प्रेझेंटेशन हे थर का वगळले, असा प्रश्न आराखडा वाचणाऱ्याने विचारला. त्यांची कामे नाहीशी झालेली नाहीत. इंटरनेटमध्ये ती ज्याला लागतात त्या ॲप्लिकेशनकडे किंवा त्याच्या लायब्ररीकडे सोपवलेली आहेत. ओएसआयचे प्रोटोकॉल मागे पडले तरी त्यातील कामाच्या वस्तू टिकून आहेत : आयएस-आयएस हा मार्गनिर्धारणाचा प्रोटोकॉल मोठ्या नेटवर्कमध्ये आजही वापरात आहे, आणि सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र एक्स.५०९ याच नमुन्याचे असते.

ते प्रमाणपत्र वापरून संवाद कूटबद्ध करणारा टीएलएस टीसीपीच्या वर आणि ॲप्लिकेशनच्या खाली बसतो, आणि त्याला क्रमांक देण्याचा आग्रह सोडून देणे बरे. मे २०२१ च्या आरएफसी ९००० मधील क्विक या ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉलने तर ती सीमाच पुसली. टीसीपीची खात्रीशीर पोहोच आणि टीएलएस १.३ ची किल्ल्यांची देवाणघेवाण त्यात एकत्र विणलेली आहे, आणि हे सारे यूडीपीच्या पोटातून जाते. त्याआधी एचटीटीपीच्या दुसऱ्या आवृत्तीने एका टीसीपी जोडणीतून अनेक प्रवाह पाठवले होते. पण ते प्रवाह स्वतंत्र आहेत हे टीसीपीला माहीत नसल्याने एकाचे पॅकेट हरवले की सगळेच थांबत. येथे टीसीपीचे न जाणणे आड आले, म्हणून प्रवाहांचे ज्ञान ट्रान्सपोर्टमध्ये आणावे लागले. आयपीच्या वर थेट नवा प्रोटोकॉल का आणला नाही, याचे उत्तर १६ सप्टेंबरच्या नोंदीत आहे. वाटेतल्या पेट्या ६ (टीसीपी) आणि १७ (यूडीपी) सोडून इतर क्रमांकांना बहुधा ओळखत नाहीत. २००० सालचा एससीटीपी हा ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल १३२ हा क्रमांक घेऊन आला आणि खुल्या इंटरनेटवर फारसा पसरू शकला नाही. क्विकने आपल्या हेडरचाही बराचसा भाग कूटबद्ध केला आहे, तो वाटेत कोणी पाहू नये म्हणून तर आहेच, पण उद्या कोणी त्यावर विसंबून राहू नये म्हणूनही.

३० सप्टेंबर

शेवटची चाचणी : चौथ्या आवृत्तीचे आयपी मॉड्यूल काढून सहाव्या आवृत्तीचे बसवले आणि इतर मॉड्यूलमध्ये किती ठिकाणी हात लावावा लागतो ते पाहिले. टीसीपीचे अवस्था-यंत्र जसेच्या तसे राहिले. काल्पनिक हेडर १२ ऐवजी ४० बाइट्सचे झाले; आयपी हेडर २० ऐवजी ४० बाइट्सचे असल्याने कमाल तुकडा १,४६० वरून १,४४० वर आला; यूडीपीत चेकसम शून्य ठेवण्याची सर्वसाधारण सवलत गेली, कारण सहाव्या आवृत्तीच्या हेडरला स्वतःचा चेकसमच नाही. वाटेत तुकडे करण्याचे राउटरचे काम काढून घेतलेले असल्याने मोठी पॅकेट पाठवायची तर १० सप्टेंबरचा शोध आता ऐच्छिक राहिला नाही. ज्याला तो करायचा नसेल त्याने १,२८० बाइट्सच्या आत राहावे. सर्वाधिक बदल, अपेक्षेच्या उलट, सर्वांत वरच्या थरात करावे लागले : नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या डीएनएसच्या चाचणी प्रोग्रॅमने पत्त्यासाठी चार बाइट्सची जागा धरली होती आणि नोंदींच्या छपाईत पत्ता म्हणजे ठिपक्यांनी जोडलेले चार आकडे हे गृहीत होते. नवी आवृत्ती स्वीकारताना जगभरच्या ॲप्लिकेशनना हीच अडचण आली. वरच्या थराला न लागणारे ज्ञान त्याच्या हातात दिले की तो ते साठवून ठेवतो.

सीमाभंगाच्या फाइलमधील एआरपीची नोंद खोडता येईल, असे वाटले होते, कारण सहाव्या आवृत्तीत शेजाऱ्याचा पत्ता शोधण्याचे काम आयसीएमपीच्या नव्या आवृत्तीकडे, म्हणजे आयपीच्या आत गेले आहे. प्रत्यक्षात नोंद खोडली नाही, तिचा मजकूर बदलला. प्रश्न आता सर्वांना न पाठवता एका समूह-पत्त्यावर पाठवला जातो, त्यामुळे ३३:३३ ने सुरू होणारे इथरनेट पत्ते ओळखणे तळाच्या मॉड्यूलला शिकवावे लागले. शिवाय आयपीच्या आत गेलेला संदेश दूरच्या कोणी राउटरमार्गे पाठवून फसवणूक करण्याची शक्यता उघडली, जी एआरपीत नव्हती. त्यावरचा उपाय असा की अशा संदेशाची टप्प्यांची मर्यादा २५५ ठेवून पाठवायचे आणि घेणाऱ्याने नेमके २५५ नसेल तर टाकून द्यायचे. राउटर ती एकने कमी करतोच, आणि २५५ हून मोठा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही, त्यामुळे २५५ घेऊन आलेला संदेश त्याच लिंकवरचा असलाच पाहिजे. ही तपासणी आयपी मॉड्यूलमध्ये ठेवता येत नाही, म्हणून टप्प्यांची मर्यादा ही ‘सोबतची माहिती’ म्हणून वर देण्याचा रकाना आज जोडला.